परदेशात लेकराकडे निघालात? बॅगेतल्या खाण्याचं आधी बघा

कृषी सहायक म्हणून माझी सगळी नोकरी वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात गेली. निवृत्त झाल्यावर न मागता एक वेगळंच काम अंगावर आलं. गावातली पोरंपोरी अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दुबईला लागली आणि आता त्यांचे आईबाप निघतात. कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाच्या लेकीचं नवं घर. व्हिसा आणि तिकीट पोरगा तिकडूनच करतो. उरते ती बॅग, आणि नेमकी तिथंच गाडी अडते. रात्री आठच्या सुमाराला कोणीतरी दारात उभं राहतं. "सर, हे नेता येईन का जी?" हातात पिशवी असते आणि पिशवीत दहातल्या सात वेळा हरभरा.

म्हणून हे एकदा लिहूनच काढतो. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्या चार खेपा झाल्या त्यांनी खसखशीचा आणि शेतातल्या चपलांचा भाग तेवढा वाचला तरी चालेल.

माझी पहिली खेप

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. लेकाकडे अमेरिकेला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बायकोनं घरचा तीन किलो हरभरा आणि भंडाऱ्याच्या साळ्यानं पाठवलेला दोन किलो चिन्नोर तांदूळ जुन्या कापडी पिशव्यांत भरून वरून शिवून टाकला. सुनेनं फोनवर एकच गोष्ट बजावली होती, "बाबा, खायचं आहे का विचारलं तर हो म्हणा." मी हो म्हटलं. आम्हाला बाजूच्या टेबलावर नेलं.

हातमोजे घातलेल्या बाईनं तांदळाकडे पाहिलंही नाही. तिनं पिशवीची शिवण बोटांनी उलगडली, आत टॉर्च मारला आणि रिकामी केलेली पिशवी एका पांढऱ्या ट्रेवर दोनदा आपटली. ट्रेमध्ये थोडी भुकटी पडली आणि तिच्यात तांबूस, केसाळ, वाळकी, अळीनं टाकलेली कात. भाताच्या तुसाएवढी. बाई म्हणाली, "खाप्रा?" शब्द आपलाच, फक्त तिच्या तोंडून. ती कात नक्की कोणाची ते त्यांच्या प्रयोगशाळेनं ठरवलं असेल. पण ज्या माणसानं आयुष्यभर शेतकऱ्यांना कोठारातली कीड दाखवली, त्याच्याच पिशवीतून ती निघाली. बायको माझ्याकडे बघत होती, मी ट्रेकडे.

हरभरा गेला, तांदूळ गेला, पिशव्याही गेल्या. दंड मात्र एक डॉलरही झाला नाही, कारण आधीच हो म्हटलं होतं.

नियम कशासाठी आहे ते समजलं की यादी पाठ करावी लागत नाही

आपल्याकडे समज असा की कस्टमवाल्याला आपले लाडू नको आहेत. त्याला लाडवाशी काही देणंघेणं नाही. तो तीन गोष्टींच्या मागावर असतो: कीड, झाडांचा रोग आणि जनावरांचा रोग.

खपरा भुंगा, म्हणजे साठवलेल्या धान्यातली कीड, आपल्याला नवा नाही. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत खाण्याशिवाय महिनोन् महिने पडून राहते आणि धान्य मिळालं की पुन्हा सुरू होते. १९५३ साली तो कॅलिफोर्नियात सापडला आणि तिथून समूळ काढायला १९६६ उजाडलं. म्हणून जिथं खपरा आहे त्या देशांतून, म्हणजे आपल्याकडूनही, प्रवाशाच्या बॅगेतून तांदूळ, हरभरा, सोयाबीन आणि करडई आणायला अमेरिकेत मनाई आहे. ही चार नावं पुन्हा वाचा. भंडारा-गोंदियापासून वाशीम-बुलढाण्यापर्यंत कोणत्याही घरात जा, या चारातलं एक तरी कोपऱ्यातल्या पोत्यात सापडेल.

त्यांचा हा जाच का सोसायचा, असं कोणी विचारलं तर मी त्याला धुऱ्यावर नेतो आणि गाजरगवत दाखवतो. १९५० च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हासोबत ते आलं असं मानतात. लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. सत्तर वर्षं आपण ते उपटतोय. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि बघता बघता आपल्याकडे पोचली. एका बॅगेतून, एका खेपेतून काय येऊ शकतं ते आपल्याइतकं कोणाला ठाऊक?

पहिलं काम: देश कोणता आणि पहिलं विमानतळ कोणतं

नियम देशागणिक बदलतात. शेजारच्या काकूंनी लंडनला नेलं म्हणून तुम्हाला सिडनीला नेता येईल असं नाही. काय भरायचं त्याआधी कुठं उतरायचं ते तिकिटावर बघा, आणि मध्ये कुठं विमान बदलायचं तेही.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत विमान जिथं पहिल्यांदा टेकेल तिथंच मोठ्या बॅगा पट्ट्यावरून उचलून कस्टममधून जावं लागतं, पुढं दुसऱ्या गावाचं विमान असलं तरी. पोरगा डॅलसला आहे म्हणून बॅग डॅलसला मिळेल असं धरून बरेच जण पहिल्या विमानतळावरून तसेच पुढं चालू लागतात. बॅग घ्या, तपासणी होऊ द्या, मग पुढच्या विमानासाठी पुन्हा जमा करा.

दुसरं काम: चादर अंथरा आणि तीन ढीग करा

जे न्यायचं मनात आहे ते सगळं बैठकीत एका चादरीवर मांडा. बॅगेत टाकून नंतर काढायचं ठरवलं तर काही निघत नाही, हा माझा अनुभव. प्रत्येक जिन्नस हातात घेऊन तीनच प्रश्न विचारा: हे पेरलं तर उगवेल का? यात दूध, मांस किंवा अंडं आहे का? हे ताजं, ओलं, पानाफळाचं आहे का? तिन्हीला नाही असेल तर तो पहिला ढीग. एकालाही हो आलं तर दुसरा. आणि ज्यावर नवरा-बायकोत वाद होतो तो तिसरा.

*पहिला ढीग, म्हणजे बहुधा जाणारं.* हळद, तिखट, धनेपूड, गरम मसाला, सगळं दळलेलं. वायगावची हळद नेत असाल तर पूड करूनच न्या. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, हे सुनेला सांगायलाही बरं वाटतं. पापड, कुरड्या, शेवया, सरगुंडे, वाळवून केलेल्या मूगवड्या. जवसाची, तिळाची भाजून कुटलेली चटणी. शंकरपाळे, चकल्या, चहापत्ती, गूळ, तेलातलं लोणचं. अमेरिकेत हे नीट बांधलेलं आणि सांगितलेलं असलं तर सहसा अडत नाही.

चिवड्याला मात्र एक अट आहे, ती खाली येते.

*दुसरा ढीग, घरीच राहणारं.* यात ताजं फळ, भाजी, पान, बी, रोप, माती, मांस आणि दुधाचं आलं. थोडं सविस्तर सांगतो, कारण वाद इथंच होतो.

फळं. मे महिन्यात निघणारा प्रत्येक जण आंब्याचं विचारतो. भारताचा आंबा अमेरिकेत जातो, २००७ पासून जातो, पण किरणांनी प्रक्रिया करून आणि तपासणीच्या कागदांसह. तुमच्या बॅगेतल्या आंब्यावर यातलं काहीच झालेलं नसतं. २०१४ च्या १ मे पासून युरोपनं आपला आंबा थांबवला होता, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. आदल्या वर्षी २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, तोवर हापूसवाल्यांचा एक हंगाम गेला. आज युरोपीय संघात प्रवाशाला कागदपत्राशिवाय पाचच फळं नेता येतात: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. संत्रं त्यात नाही. वरुडचं असलं तरी नाही.

कढीपत्ता. या एका पानानं जितक्या बाया रडवल्या तितक्या दुसऱ्या कशानंच नाही. संत्रावाल्या भावांनो, तुम्हाला हे सगळ्यात लवकर कळेल. संत्र्याच्या नव्या फुटीवर ज्या सायल्याला, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीला, तुम्ही फवारता, तोच सायला कढीपत्त्यावर राहतो. कढीपत्ता, लिंबू, संत्रा आणि बेल, ही चारही एकाच कुळातली झाडं. हा सायला ग्रीनिंग रोग पसरवतो आणि त्या रोगानं फ्लोरिडातल्या संत्राबागांचं कंबरडं मोडलं आहे. म्हणून अमेरिकेत कढीपत्ता चालत नाही. चिवड्याची अट ती हीच: परदेशी न्यायचा चिवडा कढीपत्त्याशिवाय करा. आमच्याकडे पहिल्यांदा बायकोनं तोंड वाकडं केलं होतं, आता ती बडीशेप जास्त टाकते. पूजेसाठी बेलाची पानं नेणाऱ्यांनीही यातून काय ते समजून घ्यावं.

दुधाचं. आपल्याकडे जनावरांना लाळ-खुरकूत होते. ज्या देशांत हा रोग नाही ते आपल्या दुधाला आणि मांसाला दारात उभं करत नाहीत. ब्रिटन आणि युरोपीय संघात आपल्याकडून दूध आणि मांस नेता येत नाही. ऑस्ट्रेलियात पेढे, बर्फी, गुलाबजाम बॅगेतून नेऊ देत नाहीत. दिवाळीत ऑस्ट्रेलियाला निघालात तर नागपूरची संत्राबर्फी नातेवाइकांत वाटून निघा. तुपाचं माझं सांगणं सरळ आहे: नेऊ नका. घरचं तूप म्हणून जीव तुटतो, मला समजतं, पण तूप आता तिथल्या प्रत्येक भारतीय दुकानात मिळतं. दोन किलो तुपासाठी चौदा तासांच्या प्रवासानंतर टेबलापुढं उभं राहायचं नसतं.

मांस म्हणजे फक्त मटण नव्हे. चिकनचा स्वाद असलेली नूडल्सची पुडी, सूपची वडी, सगळं यात धरा.

*तिसरा ढीग.* बाळंतिणीचे लाडू. डिंकाचे, मेथीचे, हळिवाचे. हे पोराच्या सासूनं करून पाठवायचे असतात, त्यामुळं नाही म्हणायची सोय नसते. अमेरिकेला नेणार असाल तर घटक लिहून, पारदर्शक डब्यात, विचारायच्या आधी सांगून न्या. ऑस्ट्रेलियाला भरपूर तुपातले लाडू जातील अशी आशा धरू नका. तिथं जाऊन करा. डिंक आणि खारीक तिथल्या भारतीय दुकानात मिळते, पीठ भाजायला तुम्ही जाताच आहात.

ऑस्ट्रेलियाचं आणखी एक. खपऱ्यावरून त्यांची यादी अमेरिकेपेक्षा बरीच लांब आहे. तांदूळ आणि हरभऱ्याबरोबर तूर, मूग, मसूर, गहू, धने, जिरे, बडीशेप, शेंगदाणे, सुक्या लाल मिरच्या, सगळं तिच्यात आहे. म्हणजे भिवापुरी मिरची अख्खी न्यायची तर अडणार. घरची तूरडाळ तर तिकडं नेण्याचा विचारही नको.

खसखस: हे वाचल्याशिवाय दुबईला जाऊ नका

वेगळं लिहितोय, कारण इथं प्रश्न जिन्नस फेकून द्यायचा नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. अफूचं बोंड आणि खसखस एकाच झाडाची, हा त्यांचा हिशोब. सिंगापूरमध्येही खसखस बंद आहे. तिथं "माहीत नव्हतं जी" चालत नाही.

आता आपल्या घरात खसखस कुठं कुठं असते ते मोजा. अनारशाच्या पाठीवर. डिंकाच्या लाडवात. सावजी मसाल्यात. तिसऱ्या ठिकाणी ती वाटलेली असते, म्हणजे तुम्हाला दिसत नाही आणि आठवतही नाही. नागपूरहून शारजाला विमान जातं आणि बरेच लोक तिथून पुढं युरोप-अमेरिकेला निघतात. फक्त विमान बदलायचं असलं तरी त्या खेपेला खसखशीचा एक दाणा बॅगेत नको, हा मी माझ्यापुरता केलेला नियम. अनारसे करायचेच असतील तर खसखशीऐवजी तिळावर थापा. चव थोडी बदलते, पण खातात सगळे.

पानाचंही तसंच. अमिरातीत विड्याचं पान चालत नाही. आणि खर्रा खाणाऱ्यांनो, तुमची पन्नी नागपूर विमानतळाच्या बाहेरच संपवा किंवा सोडा. दुसरा पर्याय डॉक्टर बरीच वर्षं सुचवत आहेत.

तिसरं काम: बांधणं

जुनं पोतं, गोणपाट, शिवलेली कापडी पिशवी वापरायची नाही. का ते वर सांगितलं. तणस, कुटार, गवत भरून काही बांधायचं नाही. नवी, जाड, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घ्या. नागपूर-अमरावतीत व्हॅक्युम पॅक करून देणारी दुकानं आहेत, पापड-चटण्यांना ते बरं पडतं. स्टीलचे डबे टाळा. जड होतात आणि एक्स-रेमध्ये आतलं दिसत नाही, मग उघडायला लावतात.

लोणच्याची बरणी काठोकाठ भरू नका, दोन बोटं जागा ठेवा. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, झाकणावर चिकटपट्टी, वरून दोन पिशव्या, आणि ती बरणी बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या आत. बरणी काचेची नको. तेल फुटलं तर पैठणीला ते सांगता येत नाही.

एक देशी सवय मोडावी लागेल: एका डब्यात चार वस्तू कोंबायची. चकलीच्या डब्यात मध्येच सुपारीची पुडी सापडली की सगळा डबा संशयित होतो. एका पिशवीत एकच जिन्नस.

आणि सगळं खाण्याचं एकाच बॅगेत, वरच्या बाजूला. चार बॅगांत थोडं थोडं विखुरलं की चारही उघडतात.

चौथं काम: यादी

प्रत्येक पिशवीवर मार्करनं इंग्रजीत नाव लिहा, मोठ्या अक्षरात. शिवाय एका कागदावर पूर्ण यादी: पदार्थाचं नाव, कशाचा आहे, किती किलो, घरचा की विकतचा. "कुरडई" लिहून भागत नाही. गव्हाच्या चिकाची वाळवलेली वस्तू आहे हे इंग्रजीत लिहायचं. हे काम नातवाला द्या, तो दहा मिनिटांत करतो. दोन प्रती काढा. एक पासपोर्टच्या पाकिटात, एक बॅगेत वरच.

ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी त्याच कागदावर वर एक वाक्य लिहून घ्या: आय हॅव फूड, प्लीज सी धिस लिस्ट. बोलायची वेळ आलीच तर हेच म्हणा आणि कागद पुढं करा. आमच्या गावच्या एका काकूंनी एवढ्या एका वाक्यावर अमेरिकेच्या तीन खेपा केल्या.

पाचवं काम: चपला आणि शेत

हे कोणी सांगत नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, तिन्ही देश विचारतात की तुम्ही एवढ्यात शेतावर गेला होता का, जनावरांजवळ होता का. आपण सकाळी म्हशीची धार काढून संध्याकाळी विमानतळावर पोचणारे लोक. उत्तर खरं तेच द्या: हो. त्यात गुन्हा काही नाही, फक्त ते तुमचे जोडे बघतील.

म्हणून जोडे निघण्याआधी ब्रशनं घासून, तळव्याच्या खाचांतली काळी माती सुईनं काढून, धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवा. शेतातले जोडे नेऊच नका. गावची माती, तुळशीचं रोप, मंजिऱ्या, गोमूत्र, काही नको. २०२१ साली वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या एका बॅगेत दोन गोवऱ्या निघाल्या होत्या. तिथल्या कस्टमनं त्या नष्ट केल्या आणि बातमी जगभर फिरली. होमासाठी कोणीतरी प्रेमानं बांधून दिल्या असतील.

सहावं काम: आपल्याकडची सिक्युरिटी

परदेशाआधी नागपूर किंवा मुंबई पार करायची असते. हातातल्या बॅगेत पातळ वस्तू १०० मिलिलिटरच्या बाटलीत आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. तूप, लोणच्याचं तेल, चटणीचा ओला गोळा, हे सगळं पातळच धरतात. मिरचीची पूड आणि मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत नको, खाली जाणाऱ्या मोठ्या बॅगेत टाका. अमेरिका-ऑस्ट्रेलियाच्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातात असली तर वेगळी तपासणी होते, काढूनही घेतात, त्यामुळं बेसन-सातूही खालीच.

सुकं खोबरं मात्र कुठंच टाकू नका. बऱ्याच जणांना हे खोटं वाटतं. हवाई वाहतुकीच्या नियमांत सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. तेल जास्त, म्हणून. पूजेच्या सामानातल्या अख्ख्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवा, नाहीतर बॅग थांबवून तुमच्या नावाचा पुकारा होतो.

सातवं काम: उतरल्यावर खरं बोलणं

सगळ्यात सोपं काम, आणि लोक इथंच चुकतात. न्यूझीलंडला आता मोबाइलवर भरायचा फॉर्म असतो, ऑस्ट्रेलियात कार्ड, अमेरिकेत बहुतेक वेळा अधिकारी तोंडीच विचारतो. खाण्याचं आहे का? हो. बी, झाड, फळ आहे का? असेल तर हो. शंका असेल तरी हो. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये राहिलं असेल तर तेही "हो" मध्येच येतं.

हो म्हटल्यावर फार तर काय होतं? बॅग उघडतात, न चालणारं ठेवून घेतात, बाकीचं परत देतात. अर्धा तास. नाही म्हटलं आणि सापडलं तर अमेरिकेत पहिल्या वेळेलाही १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, कॅनडात १,३०० कॅनेडियन डॉलरपर्यंत. न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर, सफरचंद एक असो की दहा. ऑस्ट्रेलियात दंडावर थांबत नाही, पर्यटक व्हिसा रद्द करून परतीच्या विमानात बसवू शकतात.

लपवून भागेल असं वाटत असेल तर कुत्र्याचा विचार करा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९८४ साली लॉस एंजलिसच्या विमानतळावर बीगल जातीची कुत्री कामाला लावली, तेव्हापासून ती बॅगा हुंगत फिरतात. दिसायला गोजिरवाणी असतात. बॅगेजवळ येऊन शांत बसलं की समजायचं, आपलं काहीतरी आहे. त्याला थोपटू नका, ते ड्युटीवर असतं.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तपासणीच्या आधी मोठे डबे ठेवलेले असतात. विमानातून उतरून चालता चालता काही आठवलं तर त्यात टाका आणि पुढं व्हा. कोणी काही विचारत नाही.

टेबलापाशी घाई करू नका, वाद घालू नका, आणि अधिकाऱ्याला लाडू देऊ करू नका. हसू नका, हे झालेलं आहे. सामान परत भरायचं काम आपलंच असतं, म्हणून हातातल्या बॅगेत चिकटपट्टीचा एक रोल ठेवा. उघडलेली चटणीची पिशवी तशीच ठेवली तर पुढं साड्या भाजक्या जवसाच्या वासाच्या होतात.

परत येताना

इकडचा नियमही तसाच आहे, फक्त आपण विसरतो. भारतात बी आणि रोपं आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. मांसाच्या पदार्थांनाही परवाना लागतो. चॉकलेट, बदाम, बिस्किटं आणा, त्याला कोणाची ना नाही.

प्रत्येक खेपेला गावातून कोणीतरी फर्माईश करतं. मला एका संत्राबागायतदारानं कॅलिफोर्नियाच्या बिनबियांच्या संत्र्याची डोळाकाडी, म्हणजे कलमासाठीची काडी, आणायला सांगितली होती. "सर, मोज्यात घालून आणा, दोन काड्या त्या काय." त्याच्याच बागेत मी वीस वर्षं सायल्याच्या फवारण्या लिहून दिल्या होत्या. मी त्याला त्या बागेचे सतरा फोटो आणले. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, मग पोराच्या व्हिसाची मुलाखत लागली तेव्हा संध्याकाळी आला, हातात पिशवी घेऊन. हरभराच होता.